कंपनीचा ईमेल सर्व्हर : कारभार आणि राखण



आजचा विषय वाचून काहींना वाटले असेल, की हे काम कॉम्प्युटर बघणाऱ्या पोराचे. यात कारखानदाराने, अकाउंटंटने कशाला येऊन बसायचे? तर तिथूनच सुरुवात करू या. आम्ही कोल्हापूर परिसरातल्या कंपन्यांची मेलची व्यवस्था बघतो. एवढ्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली आहे. मेल सर्व्हर बिघडला तर त्रास कॉम्प्युटरवाल्याला होतो, पण मेल सर्व्हर फितूर झाला तर नुकसान मालकाचे होते. म्हणून हा विषय मालकाचा आहे.

शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले या औद्योगिक वसाहतींमध्ये शेकडो फाउंड्री आणि मशीन शॉप आहेत. इथले कास्टिंग ट्रॅक्टरला जाते, मोटारीला जाते, व्हॉल्व्हला जाते, पंपाला जाते. देशात जाते आणि परदेशातही जाते. आता जरा आठवून बघा, परदेशातल्या गिऱ्हाईकाशी आपले काय काय बोलणे मेलवर होते? ड्रॉइंग मेलवर येते. कोटेशन मेलवर जाते. परचेस ऑर्डर मेलवर. तपासणीचा अहवाल मेलवर. माल न्हावा शेव्याला पोहोचून जहाजात चढला, की बिल ऑफ लॅडिंगची प्रत मेलवर. आणि शेवटी इन्व्हॉइस, ज्याच्या तळाला आपला बँक खाते क्रमांक असतो, तोही मेलवरच. म्हणजे भट्टी शिरोलीत असली तरी धंदा सगळा मेलमधून चाललेला असतो. भट्टीला आपण वॉचमन ठेवतो. मेलला कोण आहे?

मेल जाते कशी?

राखण करायची तर आधी वाट माहीत पाहिजे. आपण मेल लिहून पाठवण्याचे बटण दाबतो, तेव्हा ती आधी आपल्या मेल सर्व्हरकडे जाते. तो सर्व्हर पत्त्यातल्या '@' या चिन्हाच्या पुढचे नाव बघतो. या पुढच्या नावाला डोमेन म्हणतात. हे चिन्ह ईमेलच्या पत्त्यात पहिल्यांदा १९७१ मध्ये रे टॉमलिन्सन या अमेरिकन अभियंत्याने वापरले. मग आपला सर्व्हर डीएनएसला विचारतो, 'या डोमेनची टपाल कुणाकडे द्यायची?' डीएनएस म्हणजे ग्रामपंचायतीचा नोटीस बोर्ड समजा. त्यावर चिठ्ठी लावायचा हक्क ज्याचे डोमेन त्याचा. वाचायचा हक्क साऱ्या जगाचा. त्या बोर्डावर एमएक्स नावाची नोंद असते, तीत टपाल घेणाऱ्या सर्व्हरचे नाव असते. मग आपला सर्व्हर त्या सर्व्हरचे दार ठोठावतो. सर्व्हर-सर्व्हरमधले हे दार २५ नंबरचे. आपण आपल्या सर्व्हरकडे मेल देतो ते दार ५८७ किंवा ४६५ नंबरचे, आणि आलेली मेल वाचतो ते बहुतेक वेळा ९९३ नंबरचे. या दारांना पोर्ट म्हणतात.

दोन सर्व्हर एकमेकांशी ज्या भाषेत बोलतात तिला एसएमटीपी म्हणतात. तिचे नियम जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये लिहिले. त्या वेळी या जाळ्यावर थोडी विद्यापीठे, थोड्या संशोधन संस्था. सगळे एकमेकांना ओळखणारे. आपल्याकडे तर मुंबईच्या एनसीएसटी या संस्थेत मेलचे पहिले प्रयोग त्यानंतर काही वर्षांनी झाले, आणि सामान्य माणसाला इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ ला, व्हीएसएनएलकडून. आपल्या जिल्ह्यातल्या वारणानगरचा 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प १९९८ चा; आसपासच्या सत्तर गावांना कॉम्प्युटरने जोडायचे, असा त्याचा बेत होता. सांगायचा मुद्दा काय, तर ईमेलचा पाया ओळखीच्या माणसांच्या गावात घातला गेला. त्या गावात दाराला कुलूप नव्हते, कारण गरजच नव्हती.

आणि म्हणून एसएमटीपीमध्ये एक गोष्ट राहून गेली. पत्र पाठवणारा खरा कोण, हे तपासण्याची सोयच त्यात नव्हती. साध्या पोस्टाच्या पाकिटाचे उदाहरण घ्या. पाकिटाच्या मागे 'प्रेषक' म्हणून मी कुणाचेही नाव लिहिले तर पोस्टमन काही विचारत नाही. आतल्या कागदावर कुणाचेही लेटरहेड छापले तरी विचारत नाही. मेलमध्येही तसेच दोन पत्ते असतात. एक पाकिटावरचा, जो सर्व्हर बघतो. आणि एक आतल्या कागदावरचा, जो आपल्याला स्क्रीनवर दिसतो. दोन्ही वेगळे असू शकतात, आणि दोन्ही खोटे असू शकतात. पुढची सगळी भानगड या एका उणिवेतून निघते.

मुंबईत काय घडले

आता एक खरी घटना. टेक्निमॉन्ट ही इटलीची मोठी अभियांत्रिकी कंपनी, तिची भारतातली शाखा मुंबईत आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये या शाखेच्या प्रमुखाला इटलीतल्या समूहाच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याच्या मेल येऊ लागल्या. म्हणजे तशा दिसणाऱ्या मेल. खाते हुबेहूब त्यांच्यासारखे, लिहिण्याची धाटणीही तशीच. मजकूर असा, की चीनमध्ये एक कंपनी विकत घ्यायची आहे, व्यवहार अत्यंत गोपनीय आहे, आणि काही नियमांच्या अडचणीमुळे इटलीतून पैसे पाठवता येत नाहीत. तेव्हा ते भारतातून पाठवावेत. मेलवरच थांबले नाहीत. कॉन्फरन्स कॉल झाले. त्यात कुणी मुख्य अधिकारी बनला, कुणी स्वित्झर्लंडचा वकील बनला. एका आठवड्यात तीन वेळा पैसे गेले : ५६ लाख डॉलर, ९४ लाख डॉलर आणि ३६ लाख डॉलर. एकूण १ कोटी ८६ लाख डॉलर, म्हणजे तेव्हाचे सुमारे १३० कोटी रुपये. पैसे हाँगकाँगच्या बँकांत पोहोचले आणि काही मिनिटांत तिथून काढले गेले. चौथा हप्ता मागितला होता. पण डिसेंबरात इटलीहून कंपनीचे अध्यक्ष भारतात आले आणि सगळे उघड झाले. जानेवारी २०१९ मध्ये ही बातमी बाहेर आली.

यात कुणी सर्व्हर फोडल्याचा गाजावाजा नाही, स्क्रीनवर कवटी आली नाही, फायली बंद पडल्या नाहीत. मेल आली, मेलवर विश्वास ठेवला, पैसे गेले. या प्रकाराला जगात 'बिझनेस ईमेल कॉम्प्रोमाइझ' म्हणतात. आपण धंद्याच्या मेलची तोतयेगिरी म्हणू. आणि हे अडाण्यांनाच होते असे समजू नका. लिथुआनियाच्या एका माणसाने २०१३ ते २०१५ या काळात एका तैवानी पुरवठादार कंपनीचे सोंग घेऊन गूगल आणि फेसबुक या दोघांना खोटी बिले पाठवली आणि १२ कोटी डॉलरच्या वर रक्कम काढली. २०१९ मध्ये त्याला अमेरिकेत पाच वर्षांची शिक्षा झाली. ज्यांनी जगाला मेल दिली, त्यांच्याकडे ही गत.

आपल्याकडे हा प्रकार बहुतेक वेळा उलट्या बाजूने येतो. समजा, गोकुळ शिरगावचा एक कारखाना जर्मनीला माल पाठवतो. मधला चोर महिना-दोन महिने मेल नुसत्या वाचत बसतो. कंटेनर निघाला, बिलाची तारीख जवळ आली, की तो जर्मन गिऱ्हाईकाला आपल्या नावाने लिहितो : 'ऑडिट चालू असल्यामुळे आमचे नेहमीचे खाते बंद आहे, या वेळी पैसे या नव्या खात्यात भरावेत.' इन्व्हॉइस आपलाच, लेटरहेड आपले, सही-शिक्का आपला, फक्त खाते क्रमांक बदललेला. गिऱ्हाईक पैसे भरून मोकळे. इकडे आपण वाट बघतोय. माल समुद्रात, पैसे चोराकडे. आणि मग भांडण. तो म्हणतो, तुमच्या मेलप्रमाणे मी भरले. आपण म्हणतो, आम्ही पाठवलीच नाही. वीस वर्षांचे नाते एका महिन्यात तुटते. लहान कारखान्याचा एक कंटेनर बुडाला, तर पुढच्या महिन्याचा कामगारांचा पगार अडतो. या विषयात पणाला काय लागले आहे ते हे.

तीन नोंदी

यावर उपाय काय? पहिला उपाय डीएनएसच्या त्या नोटीस बोर्डावर आहे, आणि त्याला पैसे लागत नाहीत. तीन नोंदी लावायच्या आहेत.

पहिली एसपीएफ. 'आमच्या डोमेनच्या नावाने मेल पाठवण्याचा अधिकार फक्त या या सर्व्हरना आहे,' अशी ती यादी. समोरचा सर्व्हर मेल घेताना बघतो, की दारात उभा असलेला सर्व्हर त्या यादीत आहे की नाही. पण एसपीएफ बघते पाकिटावरचा पत्ता, कागदावरचा नाही. शिवाय कुणी आपली मेल दुसरीकडे फॉरवर्ड केली, तर मधला सर्व्हर यादीत नसल्यामुळे खरी मेलही खोटी ठरू शकते. आणखी एक बारकावा सांगतो. ही यादी तपासताना डीएनएसला दहापेक्षा जास्त वेळा विचारावे लागले, तर तपासणीच नापास होते. त्यामुळे दिसेल त्या सॉफ्टवेअरचे नाव यादीत घुसडत जायचे नाही.

दुसरी डीकेआयएम. ही लाखेच्या मोहरेसारखी. आपला सर्व्हर प्रत्येक मेलवर गुप्त किल्लीने सही करतो, आणि ती सही पडताळण्याची उघडी किल्ली बोर्डावर लावलेली असते. सही केलेला मजकूर वाटेत कुणी बदलला, तर मोहर जुळत नाही. किल्ली २०४८ बिटांची ठेवावी आणि अधूनमधून बदलावी.

तिसरी डीमार्क. ही नसली तर पहिल्या दोघींचा निम्मा उपयोग वाया जातो. डीमार्क दोन कामे करते. एक, माणसाला स्क्रीनवर जो पत्ता दिसतो त्याचे डोमेन आणि एसपीएफ किंवा डीकेआयएमने पास केलेले डोमेन जुळते का, ते बघायला लावते. दोन, जुळले नाही तर काय करायचे याची सूचना देते : काहीच करू नका, स्पॅममध्ये टाका, किंवा दारातूनच परत पाठवा. आणि जगभरचे मोठे सर्व्हर आपल्याला रोज अहवाल पाठवतात, की तुमच्या नावाने कुठून कुठून मेल आल्या.

इथे घाई करायची नाही बरं का. पहिल्याच दिवशी 'परत पाठवा' लावले, तर आपलीच बिले परत येतील. आधी 'काहीच करू नका' ठेवून काही आठवडे अहवाल वाचायचे. मग लक्षात येते, की वेबसाइटवरचा चौकशीचा फॉर्म वेगळ्याच सर्व्हरवरून मेल पाठवतोय, पगारपत्रकाचे सॉफ्टवेअर तिसरीकडून, मार्केटिंगवाल्याचे चौथीकडून. यातले जे खरे, त्यांना एसपीएफ-डीकेआयएममध्ये रीतसर घ्यायचे. मग स्पॅमची पायरी, आणि सगळे स्थिर झाले की परत पाठवण्याची. बऱ्याच कंपन्या पहिल्या पायरीवरच बसून राहतात. वॉचमन ठेवला, पण त्याला सांगितले, चोर आला तर वहीत लिहून ठेव, अडवू नको. तसला प्रकार.

फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी नियमच केला, की दिवसाला पाच हजारांच्या वर मेल पाठवणाऱ्याकडे या तिन्ही नोंदी पाहिजेत. आपण एवढ्या मेल पाठवत नसू, पण 'आमच्या मेल गिऱ्हाईकाच्या स्पॅममध्ये का जातात?' या तक्रारीचे मूळ बऱ्याचदा इथेच असते.

या नोंदी कुठे कमी पडतात

दोन ठिकाणी. पहिले, जुळ्या डोमेनपुढे. चोर आपले डोमेन वापरतच नाही. त्याच्यासारखे दिसणारे विकत घेतो. इंग्रजीत 'आर' आणि 'एन' ही अक्षरे चिकटून लिहिली की लहान 'एम'सारखी दिसतात. 'एल'च्या जागी एकचा आकडा. 'डॉट को डॉट इन'च्या जागी 'डॉट कॉम'. त्या डोमेनला तो स्वतःच एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क सगळे लावतो. कागदपत्रे एकदम चोख! कारण या नोंदी सांगतात, की मेल त्या डोमेनवरून आली; ते डोमेन सज्जनाचे आहे, असे त्या सांगत नाहीत.

दुसरे, चोर आपल्याच खात्यात शिरला तर. मग मेल खरोखरच आपल्या सर्व्हरवरून जाते, मोहर आपलीच. पासवर्ड जातो कसा? 'तुमची मेलबॉक्स भरली आहे, इथे लॉगिन करा' या मेलमधून. किंवा तोच पासवर्ड दुसऱ्या वेबसाइटवर वापरलेला, तिथून फुटतो. यावर उपाय म्हणजे दोन पायऱ्यांची ओळख : पासवर्ड आणि त्यानंतर मोबाइलमधल्या ॲपचा कोड, किंवा त्याहून चांगली म्हणजे यूएसबीची सुरक्षा किल्ली. अकाउंट्स, एक्स्पोर्ट, मालक आणि सर्व्हरचा ॲडमिन, या चौघांना तर यातून सूट नाहीच. आणि मेल वाचण्याच्या ज्या जुन्या पद्धती नुसता पासवर्ड मागतात, त्या बंद करायच्या. मायक्रोसॉफ्टने आपल्या ऑनलाइन सेवेत १ ऑक्टोबर २०२२ पासून त्या बंद करायला घेतल्या त्या याचसाठी. मागचे दार उघडे असेल तर पुढच्याला दोन कुलपे लावून काय फायदा?

चोर शिरला की पहिले काम काय करतो, तर फॉरवर्डिंगचा नियम लावतो. 'इन्व्हॉइस' किंवा 'पेमेंट' शब्द असलेली प्रत्येक मेल बाहेरच्या पत्त्यावर जावी, आणि गिऱ्हाईकाचे उत्तर कुणी उघडत नाही अशा फोल्डरमध्ये जावे. पासवर्ड बदलला तरी तो नियम तसाच राहतो! म्हणून महिन्यातून एकदा सगळ्या खात्यांचे फॉरवर्डिंग नियम तपासा. बाहेर आपोआप फॉरवर्ड करण्याची सोय सर्व्हरवरच बंद करता येते, ती करा.

सर्व्हर घरचा की भाड्याचा?

हा प्रश्न नेहमी येतो. घरचा सर्व्हर म्हणजे सगळे आपल्या हातात. पण सगळे आपल्या हातात म्हणजे सगळे आपल्या डोक्यावरसुद्धा. २ मार्च २०२१ ला मायक्रोसॉफ्टने एक्स्चेंज सर्व्हरमधल्या चार गंभीर भोकांवर ठिगळ काढले. ही भोके वापरून चोर आधीपासूनच आत शिरत होते, आणि ठिगळ जाहीर झाल्यावर तर जगभर झुंबड उडाली. हजारो सर्व्हर फुटले. यातला धडा नीट समजून घ्या. ज्यांनी उशिरा ठिगळ लावले, त्यांच्यापैकी कित्येकांच्या सर्व्हरमध्ये चोराने आधीच आपले गुप्त दार करून ठेवले होते. ठिगळाने भोक बुजते, आत बसलेला माणूस बाहेर जात नाही. त्यामुळे ठिगळ लावल्यावर घर झाडून बघावे लागते. एक्स्चेंज २०१६ आणि २०१९ या दोन्ही आवृत्त्यांचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. कुणाच्या कपाटात ते अजून चालू असतील, तर आजच निर्णय घ्या.

राखणदारही कधी फुटतो. २०२३ मध्ये बाराकुडा या कंपनीच्या मेल तपासणाऱ्या उपकरणात असे भोक सापडले, की शेवटी कंपनीने ग्राहकांना सांगितले, ज्या उपकरणात चोर शिरला आहे ते दुरुस्त करत बसू नका, बदलूनच टाका.

आमचे मत सरळ आहे. पूर्ण वेळ माणूस ठेवता येत असेल, रात्री-अपरात्री ठिगळ लावायला तो उठत असेल, तरच घरचा सर्व्हर. नाहीतर चांगल्या सेवेकडे भाड्याने. पण भाड्याने म्हणजे वेबसाइटसोबत फुकट मिळालेली मेल नव्हे. तिथे एकाच सर्व्हरवर शेकडो बिऱ्हाडे असतात. एका शेजाऱ्याने स्पॅम पाठवला, की साऱ्या वाड्याचा पत्ता काळ्या यादीत, आणि आपले कोटेशन गिऱ्हाईकापर्यंत पोहोचतच नाही. आणि भाड्याने घेतले तरी पासवर्ड, दोन पायऱ्यांची ओळख, तीन नोंदी, फॉरवर्डिंगचे नियम ही कामे आपलीच राहतात.

डोमेन कुणाच्या नावावर आहे?

हा प्रश्न आम्ही प्रत्येक कारखान्यात पहिल्यांदा विचारतो. बहुतेक ठिकाणी मालक म्हणतात, 'कंपनीच्या.' मग नोंद उघडून बघायची. पुष्कळदा ते डोमेन दहा वर्षांपूर्वी वेबसाइट करून देणाऱ्या मुलाच्या खात्यात असते. तो आता पुण्याला नोकरीला आहे, नंबर बदललाय. नूतनीकरणाची सूचना त्याच्या जुन्या मेलवर जाते. मुदत संपली, की वेबसाइट तर बंद पडतेच, पण मेलही बंद. त्याहून वाईट म्हणजे सुटलेले डोमेन दुसरा कुणी विकत घेऊ शकतो, आणि मग आपल्या नावाने येणारी प्रत्येक मेल त्याच्याकडे. सातबारा स्वतःच्या नावावर नसलेल्या जमिनीत कुणी कारखाना बांधतो का? डोमेनचा सातबारा आधी आपल्या नावावर करा. खाते कंपनीच्या पत्त्यावर, किल्ल्या दोन जबाबदार माणसांकडे, नूतनीकरण काही वर्षांचे एकदम.

तसेच सामायिक खात्यांचे. 'सेल्स' नावाचे एक खाते, पासवर्ड पाच जणांना माहीत, त्यातला एक गेल्या वर्षी नोकरी सोडून स्पर्धकाकडे गेला. पासवर्ड तोच! प्रत्येकाला स्वतंत्र खाते द्या आणि 'सेल्स'चा अधिकार त्या खात्यांना द्या. माणूस गेला त्या दिवशी त्याचे खाते बंद, जुन्या मेल कंपनीकडे.

नोंदवही आणि प्रत

सीईआरटी-इन ही केंद्र सरकारची संस्था. तिने २८ एप्रिल २०२२ ला काढलेल्या आदेशाप्रमाणे सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत त्यांना कळवायची असते, आणि सर्व्हरच्या लॉगच्या नोंदी १८० दिवस जपायच्या असतात. लॉग म्हणजे गेटवरची वही : कोण आले, कुठून आले, किती वाजता. घड्याळही बरोबर पाहिजे, नाहीतर वहीला अर्थ नाही. महिनाभर मेल वाचत बसलेला चोर नेमका कधी शिरला, हे शोधायला दुसरा मार्ग नसतो.

बॅकअपचा जुना नियम लक्षात ठेवा : तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक जागेपासून लांब. आपण कोल्हापूरकर पंचगंगेचा पूर २०१९ ला बघितला, २०२१ ला पुन्हा बघितला. तळमजल्यावरच्या कपाटात सर्व्हर आणि त्याच कपाटात बॅकअपची डिस्क, हे आपल्याला तरी समजावून सांगायला नको. एक प्रत अशी पाहिजे, की नेटवर्कवरून पुसताच येणार नाही. आणि वर्षातून दोनदा ती प्रत परत उघडून बघा. उघडून न बघितलेला बॅकअप म्हणजे न चाखलेले लोणचे, बरणी उघडल्यावरच कळते.

फोनचा नियम

आता शेवटचा आणि सगळ्यात स्वस्त उपाय. बँक खाते बदलल्याची मेल आली, कुणाचीही असो, तर पैसे भरण्याआधी फोन करायचा. मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नाही, तर आपल्या जुन्या वहीतल्या नंबरवर. आणि ओळखीच्या माणसाचा आवाज ऐकायचा. टेक्निमॉन्टमध्ये कॉल झालेच होते, पण ते चोरांनीच ठरवलेले होते. सप्टेंबर २०२२ मध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये मुख्य अधिकाऱ्याच्या नावाने व्हॉट्सॲप संदेश आले आणि १ कोटी १ लाखाच्या वर रक्कम गेली. तिथे मेलही नव्हती. म्हणजे मार्ग कुठलाही असो, नियम एकच. आपण ठरवलेल्या नंबरवर, आपण केलेला फोन.

हाच नियम गिऱ्हाईकालाही आधीच कळवून ठेवा. 'आमचे खाते आम्ही मेलवरून कधीच बदलणार नाही,' हे वाक्य प्रत्येक इन्व्हॉइसवर छापा. आणि अकाउंट्सला बसणाऱ्या मुलीला मालकाने सर्वांसमोर सांगितले पाहिजे, 'माझ्या नावाने घाईची मेल आली तर मला फोन कर, मी रागावणार नाही.' कारण चोराचे खरे हत्यार कोणते? साहेबाची भीती आणि घाई.

तरीही पैसे गेले तर? लाज वाटून गप्प बसायचे नाही. पहिला फोन बँकेला, व्यवहार अडवण्यासाठी. लगेच १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर आणि सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार. परदेशी गिऱ्हाईकाचे पैसे गेले असतील, तर त्याने त्याच्या बँकेला आणि तिथल्या पोलिसांना सांगायचे. आणि ती मेल पुसायची नाही; तिच्या हेडरमध्ये ती कुठून कशी आली याचा माग असतो. पैसे पुढे सरकायला थोडा वेळ लागतो, तेवढ्यातच ते अडवता येतात.

श्रोत्यांचे प्रश्न

एक काका विचारतात, 'आमचे सगळे काम फुकटच्या जीमेलवर चालते, आमचे काय अडलंय?'

काका, सुरक्षेच्या दृष्टीने गूगलचा सर्व्हर कच्चा नाही. अडते ते ओळखीत. तुमच्या कंपनीच्या नावापुढे एक अक्षर वाढवून दुसरा कुणीही तसेच फुकट खाते काढू शकतो. गिऱ्हाईकाने खरे-खोटे ओळखायचे कशावरून? शिवाय ते खाते ज्या कामगाराच्या मोबाइल नंबरवर उघडले, तो गेला की खातेही गेले. स्वतःचे डोमेन वर्षाला हजार-दीड हजारापर्यंत मिळते. तेवढे करा.

मागून एक ताई विचारतात, 'आमच्याकडे आयटीचा माणूसच नाही, सुरुवात कुठून करू?'

उद्या सकाळी तीन गोष्टी करा. डोमेन कुणाच्या नावावर आहे ते बघा. मालक आणि अकाउंट्स यांच्या खात्यांना दोन पायऱ्यांची ओळख लावा. फोनचा नियम कागदावर लिहून अकाउंट्सच्या टेबलासमोर चिकटवा. तिन्हीला मिळून अर्धा दिवस पुरतो. एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क पुढच्या महिन्यात, कुणाची तरी मदत घेऊन. डीमार्कचे अहवाल वाचायला लागलात, की तुमच्या कंपनीच्या नावाने जगात कोण कोण बोलतंय, हे तुम्हाला पहिल्यांदाच कळेल. त्यातले काही आवाज अनोळखी निघतील. तेव्हा कामाला खरी सुरुवात झाली, असे समजा.